प्लेटलेट्स कमी आल्या? आधी स्मिअर बघा

संपादक महाशय,

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की नागपुरात धंतोली, रामदासपेठेतल्या दवाखान्यांत एकच प्रश्न ऐकू येतो : प्लेटलेट्स किती? रिपोर्टवर ३५ हजार दिसले की नातेवाईक रक्तपेढी गाठतात. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखर घटतात. पण कधीकधी त्या शरीरात नव्हे, नळीत घटलेल्या असतात. ते कळते स्मिअरवरून, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.

जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए हे रसायन रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमविना रक्त गोठत नाही. पण ते रक्तभर पोचायला हवे. रेषेपर्यंत रक्त भरून नळी लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करावी लागते. घरी जाऊन रक्त घेताना नेमकी इथेच घाई होते. मग बारीक गुठळी होते, तिच्यात प्लेटलेट्स अडकतात आणि आकडा कोसळतो. काडी फिरवून गुठळी सापडली तर तो नमुना टाकून नव्याने रक्त घ्यावे.

दुसरा प्रकार जास्त फसवा. मोजक्या लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) असतात, की ईडीटीएत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही, उलट मोठे पुंजके पांढऱ्या पेशींत धरते. नळी जितकी पडून राहील तितका आकडा खाली येतो. पुन्हा ईडीटीएतच रक्त घेतले तर पुन्हा तेच! इथे निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी हवी : ०.३ मिली सायट्रेटला बरोबर २.७ मिली रक्त. त्यात रक्त पातळ होते म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचे; १ लाख ३० हजार आले तर खरा आकडा १ लाख ४३ हजार. क्वचित सायट्रेटमध्येही पुंजके होतात, म्हणून स्मिअरला पर्याय नाही. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या मोठ्या भिंगाखाली) दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट्सची सरासरी गुणिले १५ हजार, एवढ्या ढोबळ हिशेबानेही यंत्राची चूक लगेच उघडी पडते.

म्हणून शहरातल्या प्रयोगशाळांना आग्रहाची विनंती : १ लाखाखालच्या प्रत्येक रिपोर्टवर ‘स्मिअर पाहिली, पुंजके आहेत/नाहीत’ असे लिहा. रुग्णांनीही ते मागून घ्यावे. रक्तस्राव, सतत उलट्या किंवा पोटात तीव्र दुखणे असेल तर मात्र दुसऱ्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणखी एक. पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे तपासण्यांच्या लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडले म्हणून जांभळीतले त्यात कधीही ओतू नये. ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते; त्यामुळे रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घसरलेले दिसते.

— एक पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, नागपूर