कच्चं पान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या, वह्यांना खाकी कव्हरं चढली. 'वहीत रेघोट्या मारायच्या नाहीत' ही ताकीदही एव्हाना देऊन झाली असेल. मराठीची शिक्षिका म्हणून मीही ती वर्षानुवर्षं दिली. समासात चिमणी दिसली तरी लाल शेरा मारायचे. हे पत्र म्हणजे त्याचीच भरपाई समजा.

डोळे उघडले ते 'पाणी वाचवा' या निबंधाने. वर्गभर एकच सुरुवात, 'पाणी म्हणजे जीवन'. वैतागून दुसऱ्या दिवशी म्हटलं, लिहू नका. घरी नळाला पाणी येतं त्या दिवशी ते कुठे कुठे जातं, तेवढं काढून दाखवा. रोज पाणी न येणाऱ्या आपल्या सोलापुरात हे पोरांना तोंडपाठ! पिंप, हंडे, बादल्या, मधे बाण. एका मुलीने मात्र पिंपातून एक बाण थेट गटारात नेला होता. "हे काय गं?" "नवं पाणी आलं की शिळं ओततो ना, बाई." बोलता बोलता तीच थबकली. तिचा निबंध तिथून सुरू झाला, आणि 'पाणी शिळं होतं का?' हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला जाऊन बसला.

ही मुलगी शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. मराठीत लिहायचं म्हटलं की पेन चावत बसायची. चित्रात अडली नाही. शब्द मागून आले, चार-दोन मी पुरवले. घरी तेलुगू-कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुलं सोलापुरात कमी नाहीत.

तसं पाहिलं तर आधी कच्चं काढून बघणं या गावाला नवं नाही. माझे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. मोर थेट मागावर उतरत नाही. आधी रद्दीवर पेन्सिलीचा कच्चा मोर, मग चौकटीच्या कागदावर घर-घर भरलेला, मग मागाला नक्षी सांगणारी जकार्डची भोकं पाडलेली कार्डं. घरं भरताना मान बसत नाही असं दिसलं, की पुन्हा रद्दी. त्या रद्दीला कुणी नावं ठेवली नाहीत. डार्विननेही १८३७ साली आपल्या वहीत जीवजातींचं एक वेडंवाकडं झाड काढलं आणि वर लिहिलं, 'मला वाटतं'. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक यायला १८५९ उजाडलं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहतात, चित्र कसंही आलं तरी. पण मला पाठांतराची फार पडलेली नाही. काढता काढता सुचतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे चित्र म्हटलं की एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि दहावीचे वाढीव गुण. त्या परीक्षा असू द्यात, पण ते काम वेगळं. इथे रंगपेटी नकोच. पेन्सिल, बाण, दोन-चार शब्द पुरे. शिक्षकाने फळ्यावर काढून मुलांनी उतरवून घेतलं, तर सगळं मुसळ केरात.

सोलापुरातल्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की प्रत्येक वहीची शेवटची दहा पानं कच्ची ठेवू द्यावीत. त्यांना गुण नकोत, शेरा नको, तपासणीची सहीही नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर