इंजेक्शनचा सल्ला छापण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला टेस्टोस्टेरॉनवरचा लेख वाचला. थकवा, मसल, मूड, केस गळणं सगळं आलं त्यात, पण हे हार्मोन बनतं कसं यावर एकच वाक्य, वृषणात तयार होतं, संपला विषय! आणि शेवटी, कमी भरलं तर इंजेक्शन किंवा जेल आहेच, असं बिनधास्त लिहून टाकलंय. आता ज्याला मूल हवंय असा तिशीतला एखादा गडी ते वाचून खरंच इंजेक्शन घ्यायला लागला तर?

वृषणात हार्मोन बनवणाऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात हो. शुक्राणू ज्या बारीक नळ्यांत बनतात त्यांच्या आत सर्टोली पेशी, आणि दोन नळ्यांच्या मधल्या जागेत रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला लायडिग पेशी. लायडिगने 1850 मध्ये आणि सर्टोलीने 1865 मध्ये यांचं वर्णन केलं, म्हणजे ही काही कालची बातमी नाही. टेस्टोस्टेरॉन बनवणं हे लायडिगचं काम, तेही कोलेस्टेरॉलपासून (ज्याला आपण सारखे शिव्या घालतो तेच), आणि त्यांना हुकूम येतो पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) एलएच या हार्मोनचा. सर्टोली मात्र पिट्युटरीच्याच दुसऱ्या हार्मोनचं, एफएसएचचं ऐकतात आणि इनहिबिन बी नावाचं हार्मोन सोडून एफएसएचलाच लगाम घालतात.

बरं, लायडिग पेशी तरी सगळ्या सारख्या का, तर तेही नाही. गर्भातल्या वेगळ्या आणि वयात आल्यावरच्या वेगळ्या. माणसात गर्भातल्या लायडिग पेशी सुरुवातीला चालतात त्या वारेतून (प्लासेंटा) येणाऱ्या एचसीजी या हार्मोनवर, आणि बाळाची पिट्युटरी नंतर कामाला लागते. त्या टेस्टोस्टेरॉन तर बनवतातच, शिवाय आयएनएसएल3 नावाचं हार्मोन सोडतात, ज्याच्यामुळे वृषण पोटातून खाली सरकायला लागतं. उंदरांत तर अजून मजा, तिथे गर्भातल्या लायडिग पेशींकडे शेवटच्या पायरीचं एन्झाइमच नसतं, त्या अँड्रोस्टेनडायोनपर्यंत आणून सोडतात आणि त्याचं टेस्टोस्टेरॉन करतात शेजारच्या सर्टोली पेशी! मोठ्या उंदराची लायडिग पेशी तेच काम एकटी पूर्ण करते.

आता इंजेक्शनचं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी समजते भरपूर आहे, एलएच आणि एफएसएच दोन्ही खाली येतात, लायडिग पेशींना कामच उरत नाही. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते आणि ती सुईने भरून येत नाही, कारण तिथे ते जागेवरच बनावं लागतं. हे आतलं टेस्टोस्टेरॉन ओळखून शुक्राणू घडवायला मदत करतात सर्टोली पेशी, त्यांनाच ते मिळालं नाही की काम थंडावतं. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट झकास आणि शुक्राणू शून्यावर, असंही होऊ शकतं. डब्ल्यूएचओने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं होतं, कशासाठी माहितीये? गर्भनिरोधक म्हणून! आणि आपण तेच ताकदीचं औषध म्हणून छापतोय.

इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात पण त्यात महिने जातात, कुणाकुणाला वर्षही लागतं, आणि मूल हवं म्हणून आधीच दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या जोडप्याला एवढा वेळ असतोच असं नाही. एलएच कमी पडल्यामुळे टेस्टोस्टेरॉन घसरलं असेल आणि मूलही हवं असेल तर डॉक्टर एचसीजीसारखं औषध देऊ शकतात, जे एलएचच्याच रिसेप्टरवर बसून लायडिग पेशींना जागं करतं. लेखात याचा उल्लेखसुद्धा नव्हता. पुढच्या पुरवणीत निदान एक चौकट टाका, की मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि वीर्यतपासणी करून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक