श्रीधरास पत्र : पोर्टलंडच्या तपकिरी घराविषयी

बॉस्टन, रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत, हिची साखर आणि माझे गुडघे दोन्ही आटोक्यात आहेत, तेव्हा तो विषय इथेच संपवतो. सुमनमावशी सध्या इकडे आपल्या मुलाकडे आल्या आहेत हे तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात त्यांना मी मेन राज्यातील पोर्टलंडला घेऊन गेलो होतो. तिथल्या व्हिक्टोरिया मॅन्शनमध्ये त्यांनी असे काही विचारले की तेव्हापासून माझ्या मनात दुसरा विषय नाही. घरच्यांना सांगून पाहिले आणि त्यांनी मन लावून ऐकलेही. पण मावशींना जन्मभर ओळखणारा आणि दगड, चुना, लाकूड यांतच आयुष्य घालवलेला असा तूच एक आहेस, म्हणून हे तुला लिहितो आहे.

हे घर रगल्स सिल्व्हेस्टर मोर्स नावाच्या माणसाने बांधले. तो मूळचा मेनचाच. न्यू ऑर्लिन्सला जाऊन हॉटेलांच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि उन्हाळ्यात येऊन राहण्यासाठी आपल्या प्रांतात एक घर असावे असे त्याला वाटले. १८५८ ते १८६० या काळात ते उभे राहिले. वास्तुरचना न्यू हेवनच्या हेन्री ऑस्टिनची: इटालियन ढंगाची, एका अंगाला चौकोनी मनोरा असलेली. आतले काम मात्र गुस्ताव्ह हर्टर या मूळच्या श्टुटगार्टच्या आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेल्या कारागिराकडे सोपवलेले होते, आणि ते संपूर्ण होते. खुर्च्या, कपाटे, पडदे, गालिचे हे सर्व एकाच नजरेने, एकमेकांना जोडून योजलेले आहे. हर्टरने अशी आणखीही घरे सजवली, पण त्याच्या हातचे जसेच्या तसे टिकलेले घर हे एकच. भिंती आणि छते रंगवली जुझेप्पे ग्विदिचिनी या बोलोन्याच्या चित्रकाराने. त्याचा हात नाटकाच्या पडद्यांवर तयार झालेला होता. कोरीव पट्टी म्हणून आपण बोट लावायला जावे तर ती सपाट गिलाव्यावरची छाया निघते. तू असतास तर मार्गदर्शक पुढच्या दालनात गेली तरी तू तिथेच नाक भिंतीला लावून उभा राहिला असतास, आणि आपल्या दोघांना पुन्हा एकदा बाहेर काढले गेले असते.

धूम्रपानाची एक छोटी तुर्की पद्धतीची खोली आहे. इस्लामी नक्षीच्या धर्तीवर सजवलेल्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या खोल्यांपैकी ती एक मानली जाते. गॅसचे दिवे, गरम आणि गार पाण्याचे नळ, घरभर ऊब देणारी यंत्रणा, नोकरांना बोलावण्यासाठी घंटा, असे त्या काळी जे जे नवे होते ते सर्व तिथे बसवलेले आहे.

हे टिकले कसे, ही हकीकत मला घरापेक्षाही अधिक मोलाची वाटते. १८६६च्या ४ जुलैला पोर्टलंडला मोठी आग लागली. जवळजवळ १,८०० इमारती जळाल्या आणि दहा हजार माणसे बेघर झाली. हे घर वाचले. १८९३ साली मोर्स वारला. त्याच्या विधवेकडून जोसेफ राल्फ लिबी या शहरातील मोठ्या दुकानदाराने ते सामानसुमानासकट विकत घेतले. नवा मालक आला की आधी जुन्या मालकाचा रंग खरवडतो, हे आपण किती वाड्यांत पाहिले आहे! लिबी कुटुंब १९२८पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, तिथे राहिले, मुलेबाळे तिथे वाढली, आणि तरीही त्यांनी दुसऱ्याने मांडलेल्या त्या संसाराला फारसा हात लावला नाही. मूळच्या सामानापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज जागेवर आहे. १९२८नंतर घर रिकामे पडले, आणि ते पाडून तिथे पेट्रोल पंप उभारण्याचे घाटत होते. तेव्हा, १९४० साली, विल्यम होम्स या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने ते विकत घेतले, बहिणीच्या साथीने सावरले आणि १९४१मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना खुले केले. त्या काळी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील सजावट म्हणजे अडगळ, असेच सर्वांचे मत होते. जे कोणालाही सुंदर वाटत नाही ते वाचवायला वेगळीच छाती लागते, श्रीधर. राणीचे नावही घराला होम्स यांच्यामुळेच मिळाले.

आता दगडाकडे येतो, कारण ते वगळले तर तू पत्र परत पाठवशील. बाहेरून घर तपकिरी वालुकाश्माचे आहे, आणि तो दगड कनेक्टिकटमधील पोर्टलंड या गावाच्या खाणींतला; एका पोर्टलंडचा दगड दुसऱ्या पोर्टलंडला आला. लोहाच्या गंजाने त्याला तो रंग येतो. गाळाचा खडक असल्याने तो थरांनी बनलेला असतो, आणि थर उभे ठेवून दगड बसवला तर पाणी थरांच्या मधे शिरते, थंडीत त्याचे बर्फ होते, समुद्राकडचे क्षार आत स्फटिकरूप धरतात आणि पापुद्र्यांमागून पापुद्रे सुटत जातात. आपल्या काळ्या पाषाणाने तुला लाडावून ठेवले आहे. दोनशे वर्षांचा जोता नुसता धुतलास की तुझे काम झाले. इथे कोरीव कंगोरा बोटांत भुग्यासारखा येतो. त्यावर सिमेंटचा लेप द्यावा तर सिमेंट दगडापेक्षा कठीण, ओल बाहेर पडू देत नाही, आणि लेपामागचा दगड अधिकच वेगाने कुजतो. वाईच्या घाटावर तू त्या ठेकेदाराशी सिमेंटवरून जे भांडलास त्यातला शब्दन् शब्द इथे लागू पडतो, आणि त्या दिवशी मी मधे पडून तुला ओढून नेले त्याबद्दल तू अजून रागावलेला आहेस हेही मला ठाऊक आहे. मूळचा दगड मिळणेही सोपे नाही. त्या खाणी १९३६च्या पुरात बुडाल्या. पुढे १९९०च्या दशकात एका भूवैज्ञानिकाने त्यांचा लहानसा भाग पुन्हा चालू केला, तोही २०१२ साली बंद झाला. आज खाणींच्या त्या तळ्यात लोक पोहतात.

भिंतींवरच्या चित्रांचे काम तर याहून संथ. काजळी आणि पिवळे पडलेले वॉर्निश कापसाच्या बोळ्याने, आधी नखाएवढ्या जागेवर चाचणी घेऊन, काढायचे; रंग गेला असेल तिथेच भरायचा, आणि तोही पुढच्या पिढीला सहज काढता येईल असा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात याच मुद्द्यावर आपण दिवसभर एकमेकांशी बोललो नव्हतो. तुझे म्हणणे, गेले ते गेले, डाग डागच राहू द्या. माझे म्हणणे, दुरून पाहणाऱ्याला चित्र सलग दिसले पाहिजे आणि जवळ जाणाऱ्याला भरलेली जागा ओळखता आली पाहिजे. मी अजून तिथेच आहे. तूही असशीलच.

तर मावशी. त्यांनी सर्व घर शांतपणे पाहिले. जिन्याच्या लाकडी कोरीव कामाजवळ मात्र त्या थांबल्या, खाली वाकून पाहिले आणि मला म्हणाल्या, “अरे, ह्या नक्षीतली धूळ काढायची कोणी?” मी मार्गदर्शकाला विचारले. तिने टाळाटाळ न करता सांगितले की इथल्या रोजच्या कामाला नोकर होते, आणि ज्या पैशावर हे सर्व उभे राहिले तो न्यू ऑर्लिन्सचा होता, जिथे मोर्स स्वतः गुलामांचा मालक होता. मी मराठीत सांगितले. मावशी जराशा थबकल्या आणि एवढेच म्हणाल्या, “म्हणजे कामाचे पैसे दिलेच नाहीत.” त्यानंतर प्रत्येक दालनात त्यांनी मला फक्त कामाचेच विचारले. राख कुठून न्यायची, पडदे धुवायचे की नुसते झटकायचे, बाई आजारी पडली तर निजायची कुठे. पन्नास वर्षे तुमच्या वाड्याच्या पितळेच्या समया आणि सागवानी खांब ज्यांनी पुसले, त्यांच्या तोंडून हे प्रश्न ऐकताना मला त्या घराचा वेगळाच नकाशा दिसू लागला. समोरच्या दारापासून सुरू होणारा नकाशा मला पाठ होता. हा मागच्या दारापासून सुरू होत होता.

माझी काळजी इथूनच सुरू होते. न्यू ऑर्लिन्स हा त्या काळी या देशातला माणसांचा सर्वांत मोठा बाजार होता. मोठ्या हॉटेलांच्या घुमटाखाली लिलाव होत, हे तुला मी मागेही लिहिले होते. मेन १८२० साली राज्य झाले तेच गुलामीला थारा न देणारे राज्य म्हणून. त्या राज्यातल्या डॅनफर्थ स्ट्रीटवर हे घर उभे आहे, आणि त्याच्या एकेका गालिच्यामागे अशा माणसांची कमाई आहे ज्यांना ते घर कधी दिसलेही नाही. आता आपल्यासारखे लोक येतात आणि त्या घराला काळजीपूर्वक १८६०च्या दिवसाकडे परत नेतात. काजळी निघते, सोनेरी वर्ख उजळतो, गालिच्याचा रंग मूळ रंगाशी जुळवला जातो. आपले काम जितके उत्तम होईल तितके त्या दिवशी मालकाला आपले घर जसे दिसावेसे वाटत होते तसेच ते दिसू लागते. धूळ पुसणारा हात हर्टरच्या छिन्नीइतकाच त्या घराचा, पण जीर्णोद्धारात छिन्नीची खूण परत येते आणि हाताची येत नाही, कारण तो हात आपले काम बरोबर करी तेव्हा खूण मागे ठेवतच नसे.

तू म्हणशील, म्हणून काय घर पडू द्यायचे? मुळीच नाही. ग्विदिचिनीची भिंत गेली तर मोर्सचे काही बिघडत नाही, तो केव्हाच गेला; जाते ते कारागिराचे काम, आणि जाते ती या सर्व व्यवहाराची साक्ष. पेट्रोल पंपाखाली गाडलेल्या घरात कोणी मावशी वाकून काही विचारू शकली नसती. आपले सर म्हणत की इमारतीची सेवा करताना मालकाचे नाव विसरावे. सरांचा शब्द मी आजवर ओलांडला नाही, पण इथे मला ते पटत नाही. मालकाचे नाव विसरले की त्याच्या पैशाचा उगमही विसरला जातो आणि शेवटी उरते निव्वळ सौंदर्य, ज्याला कोणालाच जाब द्यावा लागत नाही. पैशाची हकीकत पहिल्याच दालनात, पाहणाऱ्याची नजर छताकडे जाण्याआधी सांगितली जावी, आणि मग त्याने छत मनसोक्त पाहावे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात राहू शकतात. मावशींच्या मनात राहिल्याच की. निघताना त्यांना सर्वांत आवडले होते ते जिन्यावरचे रंगीत काचेचे छप्पर.

आणि म्हणून तुझ्या वाड्याकडे येतो. संग्रहालयाचा ठराव घरच्या सर्वांनी मान्य केला हे वाचून फार बरे वाटले. चुलत भावांना एका ओळीखाली सह्या करायला लावणे हे जीर्णोद्धारापेक्षा अवघड काम आहे आणि ते तुलाच जमू शकते. पण तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, की विहिरीलगतची मागची खोली पाडून तिथे पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह बांधायचे काकांनी ठरवले आहे, कारण तिला ना नक्षी आहे ना चांगले लाकूड. श्रीधर, मावशी त्या खोलीत राहिल्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई राहिल्या. दिवाणखान्यातील महिरपींची मापे आपण दोघांनी कॉलेजात असताना घेतली होती. त्या खोलीचे एक मापही कुठे नाही. काकांना माझा नमस्कार सांग आणि ती खोली पाडू देऊ नकोस. स्वच्छतागृह पागेच्या बाजूला होईल, नळही तिथून जवळ आहे. त्याचा आराखडा मी या महिन्यातच काढून पाठवतो. मातीच्या गिलाव्याला कोणी हात लावण्याआधी आतून चारही भिंतींची छायाचित्रे काढ, कोनाड्यातली काजळी आणि दाराजवळच्या भिंतीवरच्या रेघोट्या येतील अशी. त्या रेघोट्या दुधाच्या हिशेबाच्या आहेत, मावशींनीच मला सांगितले.

मावशी दिवाळीच्या आधी परत येणार आहेत. त्या आल्या की त्यांना घेऊन वाड्यात बस आणि त्या सांगतील ते सगळे लिहून घे किंवा ध्वनिमुद्रित कर: पाणी किती खेपांनी यायचे, समया कशाने घासायच्या, सणाला किती पाने उठायची, पगार किती मिळायचा आणि केव्हापासून मिळू लागला. शेवटचा प्रश्न अवघड वाटेल. तरीही विचार, आणि काकांच्या समोर विचार.

मुग्धाला वास्तुशास्त्राला प्रवेश मिळाल्याबद्दल तिचे खूप अभिनंदन. रेखाटनाच्या वह्या वेगळ्या पाठवतो आहे. वहिनींना नमस्कार. तुझ्या पाठदुखीचे काय झाले ते कळव, आणि परांचीवर चढणे आता बंद कर. मेणवलीचे भांडण मात्र मिटलेले नाही, त्यावर तुझे सविस्तर उत्तर हवे आहे. पण आधी त्या खोलीविषयी दोन ओळी लगेच लिही.

तुझाच,
माधव