रात्रीचा दिवा राहू द्या

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेस घरी आले होते तेव्हा बाबा पहाटे पॅसेजमध्ये अंधारात भिंत चाचपत चालले होते, आणि त्याच वेळी न्हाणीघरातला गीझर मात्र तासाभरापासून चालू होता. ते दृश्य मनातून जात नाही, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुमच्या काटकसरीवरच माझे शिक्षण झाले, त्यामुळे ती सोडा असे मी कधीच म्हणणार नाही. ती कुठे करायची, याचा हिशेब आपण नव्याने मांडावा, एवढीच विनंती आहे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की विजेचे एक युनिट होते. पॅसेजमधला ९ वॅटचा एलईडी दिवा रोज रात्री दहा तास चालू ठेवला, तरी एक युनिट व्हायला अकरा रात्री लागतात. २००० वॅटचा गीझर पाणी तापवताना तेवढी वीज अर्ध्या तासात घेतो. पाणी तापल्यावर तो आपोआप बंद होतो हे खरे, पण टाकीतले पाणी निवत राहते आणि तो पुन्हा पुन्हा सुरू होतो. आई सहाला आणि तुम्ही नऊला स्नान करता. त्याऐवजी एकापाठोपाठ एक उरकून लगेच बटण बंद केलेत, तर रात्रीच्या दिव्याची वीज त्यातूनच सुटेल.

आई, पाकीट जास्त दिवस पुरावे म्हणून रक्तदाबाची गोळी तू एक दिवसाआड घेतेस, हे कळल्यापासून मला स्वस्थ झोप नाही. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच गोळी चुकवली तरी निभावते असे वाटत राहते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांग आणि तेच औषध जेनेरिक स्वरूपात चालेल का, तेही विचार. ते बहुतेक वेळा स्वस्त पडते.

वापरात नसलेल्या सेवांचे पैसे खात्यातून दरमहा परस्पर वळते होतात का, ते मी आले की पासबुक घेऊन पाहीन.

स्नानाच्या वेळा बदलणे सुरुवातीला जड जाईल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले होते, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडतही नव्हते. तेव्हा बाबा, दोन-अडीच महिने सांभाळून घ्या. आई, तू मात्र डॉक्टरांकडे उद्याच जा, आणि दिवा आज रात्रीपासूनच लावा.

तुमची,
मुलगी