आई-बाबा, आता थोडं तुमच्याविषयी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर तुमच्या तब्येतीचा आणि दादाच्या पुढच्या सोयीचा विषय काढला की आई "बरं, बघू" म्हणते आणि दादाच्या औषधांवर येते. म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

आई, गुडघ्याचं ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. भीतीपोटी तू टाळत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू झोपून राहिलीस तर दादाची आंघोळ, दाढी, खाणंपिणं कोण बघणार, इथेच तुझं सगळं अडतं. बाबा, तुमच्या शुगरची तीच गत. दादाची थायरॉइडची तपासणी तुम्ही कधी चुकवत नाही, स्वतःची मात्र "पुढच्या महिन्यात". कुठल्याही कार्याला एकाने जायचं, एकाने घरी थांबायचं, हे मी लहानपणापासून बघत आले. तुम्ही दोघं जोडीने कुठे गेलेलं मला आठवत नाही.

"याच्यामागे एक दिवस जगायला मिळू दे," असं आई देवापाशी मागते. पालकांच्या बैठकीतही कितीतरी आयांच्या तोंडून मी हेच ऐकलं. पण आई, दादा जन्मला त्या 1980च्या दशकात त्याच्यासारख्या, जन्मापासून डाऊन सिंड्रोमचं बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचं सरासरी आयुष्य अमेरिकेतसुद्धा पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत गेलंय. दादाने चाळिशी ओलांडली ती तुमच्या कष्टांमुळे, आणि देवाच्या दयेने तो तुमच्यानंतरही राहील. म्हणून मला वाटतं, तुमच्यावाचून राहायची सवय त्याला तुमच्या डोळ्यांदेखत लागायला हवी. तुम्ही गेल्यावर एकाच दिवशी आईही नाही, घरही नाही आणि रोजचा क्रमही नाही, असं त्याच्या वाट्याला येऊ नये.

त्याला काही दिवस निवासी संस्थेत ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. आत्या काय म्हणेल, हा विचार तर सोडूनच द्या. डोंबिवलीजवळ खोणीला घरकुल आहे, बदलापूरला आधार आहे. दोन्ही आपल्यासारख्याच पालकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या संस्था. अशा अपंगांसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ योजनेतही अशा तात्पुरत्या निवासाची सोय धरलेली आहे. थोड्या दिवसांसाठी कुठे ठेवून घेतात, याची मी चौकशी करतेय. आधी दोन रात्री, मग आठवडा. तो रडेल. आई, तूही रडशील. तरी करू या.

रात्रीचंही बोलायचंय. दादा घोरता घोरता दचकून उठतो आणि मग तुझी झोप जाते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांत झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास बराच आढळतो, आणि त्यावर उपचार आहेत. त्याची ती तपासणी करून घेऊ. त्याला नीट झोप लागली तर तुलाही लागेल.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहिते. मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आपला तो राहिलाय. बाबा, तुम्ही जिल्हा परिषदेतून निवृत्त झालात. जो स्वतः कमावू शकत नाही अशा अपंग मुलाला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं. तुमच्या कागदांवर दादाची नोंद आहे का, ते बघून ठेवा. पुढे त्याची पालक म्हणून माझं नाव लावायचं. ह्यांच्याशी बोलणं झालंय, त्यांचीही मनापासून तयारी आहे. हे मी उपकार म्हणून करत नाहीये. तो माझा भाऊ आहे.

दिवाळीनंतर महिनाभर मी तुमच्याकडे राहून काम करणार आहे. ऑफिसची परवानगी मिळाली. आई, ऑपरेशनची तारीख त्याच महिन्यातली घ्यायची. बाबा, तोवर एक काम करा. दादाचं सगळं एका वहीत लिहून काढा: औषधांच्या वेळा, दाढी करताना आधी कुठला गाल, वरणभातावर तूप किती, वीज कडाडली की त्याला कसं समजवायचं. हे सगळं तुम्हा दोघांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. लिहून झालं की वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, आणि रविवारी फोन कराल तेव्हा तारीख सांगा.

तुमची,
मनी