फांद्या कमी झाल्या की दिसेनाशा झाल्या?

प्रिय मित्रा,

तुझे फोटो पाहिले. फळमाशीच्या अळीत नॅनॉस या जनुकाचा आरएनएआय (जनुक गप्प करण्याची पद्धत) लावल्यावर चौथ्या वर्गातल्या, खूप फांद्यांच्या चेतापेशींची टोकं विरळ झाली, हे तसं अपेक्षितच होतं. पण तेवढ्यावरून ‘फांद्या फुटल्याच नाहीत’ असं लिहू नकोस. नॅनॉस आणि पुमिलिओ ही ट्रान्सलेशन, म्हणजे एमआरएनए या जनुकाच्या नकलेवरून प्रथिन बनणं, रोखणारी प्रथिनांची जोडी. एमआरएनएच्या शेपटाकडच्या भागातली यूजीयूए ही अक्षरांची खूण पुमिलिओ धरतं, नॅनॉस त्याला येऊन मिळतं आणि त्या एमआरएनएपासून प्रथिन बनणं थांबतं. या पेशींत ही जोडी ज्यांना दाबून ठेवते त्यांतलं एक हिड, एरवी पेशीला मृत्यूकडे नेणारं जनुक. लगाम सुटला की हिड वाढतं, कॅस्पेझ ही प्रथिनं तोडणारी विकरं सक्रिय होतात. पेशी मरत नाही, फांद्या मात्र आखडतात. म्हणजे बिघाड फांद्या फुटण्यात नाही, फुटलेल्या राखण्यात आहे. म्हणून अंडी घातल्यापासून, २५ अंशांच्या हिशेबाने, ७२ आणि १२० तासांनी, असं दोनदा बघ; आधी फांद्या होत्या का, ते कळेल.

वय चुकलं तर सगळंच चुकतं. फळमाश्यांना चारच तास अंडी घालू दे. २९ अंशांवर आरएनएआय जोरात चालतो, पण अळ्याही लवकर वाढतात; तेव्हा कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या अळ्या, २९ वरच हव्यात आणि त्यांच्याशी जोड्या तासांवर नाही, अळीच्या आकारावर लाव. नळीत गर्दी झाली तरी वाढ खुंटते.

अळी पाण्यात धुऊन ९० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेव. पाठीकडून दोन चमकत्या श्वासनलिका दिसल्या की बाजू बरोबर. कव्हरस्लिप जास्त दाबलीस तर फांद्या ताणल्या जातात आणि लांबी फुगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक प्रथिनं बनवायला लागणारा सर्वसाधारण ट्रान्सलेशन घटक, उदाहरणार्थ ईआयएफ४ई, कमी केलास तर जीएफपी, म्हणजे फांद्या दाखवणारं चमकतं प्रथिनही, कमीच बनणार! जाड खोड दिसतं, बारीक टोकं काळोखात जातात आणि शोल आलेखात (पेशीच्या मध्यापासून अंतरागणिक फांद्या मोजणारा) फांद्या घटल्यासारखं दिसतं. हे मला फार खटकतं, कारण आलेख अगदी खरा वाटतो. काही अळ्या उघडून एचआरपी या अँटीबॉडीने (ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन) रंगव. ती चेतापेशीचं पटल दाखवते, जीएफपीवर अवलंबून नसते. जीएफपी आणि आरएनएआय दोन्ही यूएएस या खुणेवरून चालू होतात, आणि ती खूण गॅल४ हे प्रथिन धरतं; म्हणून कंट्रोलमध्येही एक निरुपद्रवी यूएएस-आरएनएआय ठेव, नाहीतर गॅल४ तिकडे एकाच यूएएसला मिळतं आणि उजेड जास्त येतो.

नॅनॉस वाढवूनही फांद्या घटतात, तेव्हा ‘भरपाई’ म्हणून नॅनॉस परत घालताना मात्रा जपून. पुढचे फोटो पाठवशील तेव्हा कंट्रोलचेही सूक्ष्मदर्शकाच्या त्याच लेझर आणि गेनवर (उजेड वाढवण्याची पातळी) काढलेले पाठव.

तुझा,
मित्र