सुजितला तुझ्या हाताचं सांगू का?

बेळगाव
रविवार, रात्र

पर्शा,

फोनवर हे बोलता आलं नसतं. फोनवर तू नुसतं "हां, पुढं, पुढं" करतोस आणि वहिनी स्पीकर लावून बसतात. म्हणून पत्र. हसू नकोस. माझी शुगर आहे तिथंच आहे, हिचे गुडघे धरलेत, आप्पा आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाणार. तब्येतीचं संपलं.

तर आमचा सुजित. पीएसआय व्हायचं खूळ अजून उतरलेलं नाही. पहाटे रनिंग, दुपारी कन्नड व्याकरण. माझ्या घरात, शहापुरात, पोरगं मोठ्यानं कन्नड म्हणी पाठ करतंय आणि आप्पा आतून खोकतात. 545 जागांची ती 2021 ची परीक्षा गैरप्रकारामुळं रद्द झाली, तेव्हा मला वाटलं होतं आता ह्याचं मन उडेल. उलट म्हणाला, "म्हणूनच आत चांगली माणसं पायजेत." ह्याला काय उत्तर द्यायचं सांग.

गेल्या आठवड्यात त्याची अकादमीची पोरं माडीवर जमली. पिक्चर लावला, 'एलीट स्क्वॉड', ब्राझीलचा, 2007 चा. भाषा पोर्तुगीज, खाली इंग्रजी अक्षरं, एक पोरगं मोठ्यानं वाचून मराठीत सांगतंय. मी आपला हिशेबाची वही घेऊन कोपऱ्यात. रिओ शहर, डोंगरावरच्या झोपडपट्ट्या, ड्रग विकणाऱ्यांच्या टोळ्या, हप्ते खाणारे साधे पोलीस आणि ह्या सगळ्यांवर उतारा म्हणून काळ्या कपड्यांतली एक खास तुकडी. तिचं चिन्ह कवटी आणि तिच्यात खुपसलेला सुरा. 1997 मध्ये पोप रिओला येणार, म्हणून आधी डोंगर साफ करायचा. तुकडीचा कॅप्टन नासिमेंतो. बायको गरोदर, ह्याला नोकरीतनं बाहेर पडायचंय, पण आपल्या जागी कोण हे ठरल्याशिवाय सुटका नाही. पिक्चर भारी आहे, खोटं कशाला बोलू. वही तशीच राहिली.

माहिती काढायची त्यांची पद्धत अशी: डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि आवळायची. पहिल्यांदा पोरं गप्प झाली. दुसऱ्यांदा एकजण ओरडला, "बिडब्याड, बिडब्याड!" म्हणजे सोडू नको. मग सगळीच. प्रत्येक पिशवीला शिट्टी. पुढं कॅप्टन एका कॉलेजच्या पोराचं तोंड मेलेल्या माणसाजवळ धरतो आणि सुनावतो की हे तुमच्या पैशानं होतंय, तुम्ही ओढता म्हणून. त्याला सगळ्यात जोरात टाळी कोणी दिली माहीत आहे? जो दर महिन्याला चोर्ल्यातनं गोव्याला जातो आणि डोळे लाल करून येतो त्यानं. मी वहीत तोंड घातलं.

आता जे सांगायचं ते. त्या पिक्चरमध्ये एक बाई येते. तिचं पोरगं टोळीसाठी टेहळणी करायचं. कॅप्टननं त्याच्याकडनं माहिती काढून त्याला सोडून दिलं आणि टोळीनं खबऱ्या म्हणून त्याला संपवलं. बाई कॅप्टनकडं पोराचं प्रेत मागायला आलेली आहे, पुरायला. तेवढ्यात आपली खालची मावशी, जिचं पोरगं जानेवारीत पोलिसांनी गांजाच्या पुडीपायी उचललं होतं ती, हिला बोलवायला वर आली आणि दारातच उभी राहिली. पोर्तुगीज तिला काय कळतंय? पण बघत राहिली. सीन गेला तसं विचारलं, "त्या बाईला पोरगं गावलं काय रे?" कोणालाच सांगता येईना. त्या वेळी सगळी मोबाईलमध्ये होती. वाचून दाखवणारासुद्धा.

पर्शा, मारामारीचं मला काही वाटलं नाही. पोरं शिट्ट्या मारणारच. आपण काय कमी मारल्या? 'अर्धसत्य'च्या वेळी वेलणकरनं रामा शेट्टीला संपवलं तेव्हा मी खुर्चीवर उभा राहिलो होतो आणि तू बाहेर येऊन विचारलंस, "कोठडीत त्या किरकोळ चोराला मारलं तेव्हा का नाही शिट्टी वाजवलीस?" त्यावरनं कॅम्पपासनं घरापर्यंत भांडण. तू मला अर्धवट म्हणालास, मी तुला भटजी म्हणालो आणि सायकल तुझी होती म्हणून मी चालत आलो. रामा शेट्टी मेला ते बरंच झालं, असं मी अजून म्हणतो. तू अजून नाही म्हणणार. राहू दे.

पण वेलणकर शेवटी स्वतः जाऊन हजर होतो. इथं काय होतं ऐक. मतियास म्हणून एक नवीन पोलीस आहे. कायदा शिकणारा, वर्गात एकटा पोलिसांची बाजू मांडणारा. त्याच्या दोस्ताला टोळीवाले मारतात. शेवटी टोळीचा म्होरक्या खाली पडलेला असतो, चेहऱ्यावर गोळी मारू नका म्हणून विनवतो, आणि कॅप्टन बंदूक मतियासच्या हातात देतो. नळी सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर. पिक्चर संपला. कॅप्टनला आपला वारस मिळाला.

पोरं नाचली. दिग्दर्शक पाजिल्यानं हे कौतुक म्हणून काढलं नव्हतं असं म्हणतात. तरी तिकडंही हेच झालं. पिक्चर थेटरात लागायच्या आधीच चोरट्या सीडीवर गल्लोगल्ली पोचला आणि लोकांनी कॅप्टनला डोक्यावर घेतलं. काहींनी फॅसिस्ट म्हणून शिव्या घातल्या, आणि 2008 ला बर्लिनमध्ये त्याला पहिलं बक्षीस, सोन्याचं अस्वल. म्हणजे माडीवरची पोरं काही जगावेगळी नाहीत.

रात्री जेवताना मी सुजितला म्हटलं, "तो मतियास चांगला पोरगा होता रे." तो म्हणाला, "चांगला होता म्हणूनच त्याला ते करावं लागलं, बाबा." आणि भात मागितला.

मला झोप नाही लागली.

त्याचं चुकतंय असंही छातीठोक म्हणता येत नाही. म्हणाला, "मावशीच्या पोराला पुडी कोणी विकली? त्याला कोणी धरलं?" खरं आहे. वकिलानं मावशीला समजावलं तेव्हा मी बरोबर होतो: गांजा एक किलोपर्यंत असला तर थोडा माल, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, वीस किलोच्या वर गेला की दहा ते वीस वर्षं. आपल्याकडं पुडीवाला आत आणि पोत्यावाला बाहेर. पोत्यावाल्याच्या डोक्यावर पिशवी आवळायला कोण जातंय? पिशवी जवळच्याच डोक्यावर बसते. हे मी सुजितला म्हणालो, तर म्हणतो, "मी पोत्यावाल्यालाच धरीन." म्हणू दे. ह्या वयात सगळेच धरतात.

पण उद्या पास झाला, खाकी चढली, आणि 1 नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून आपण काढतो त्या काळ्या दिनाच्या फेरीला बंदोबस्त लागला तर? मी फेरीत, तो बॅरिकेडपलीकडं. आप्पा म्हणतात, "लाठी मारली तरी संध्याकाळी जेवायला इथंच येईल." हसलो आम्ही. मग मला येळ्ळूर आठवलं. 2014 चा जुलै, कोर्टाचा आदेश, 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' अशी ती पाटी काढली, लोकांनी परत उभी केली, आणि त्यानंतर पोलीस घरात शिरले ते. त्या दिवशी लाठी धरलेल्यांत कोणीतरी मतियास असेलच की. शिकलेला, आईबापाचा लाडका, "आत चांगली माणसं पायजेत" म्हणून आलेला. त्याला कोणीतरी सांगितलं असेल की ही माणसं म्हणजे टोळी.

सुजित तेव्हा शाळेत होता. तुझा डावा हात गाडीवरनं पडून मोडला असंच त्याला माहीत आहे. तूच तसं सांगायला लावलंस आणि मी आजपर्यंत पाळलं. आता विचारतो: सांगू का त्याला? तू सांगितलंस तर जास्त चांगलं, पण तू सांगणार नाहीस. मला तरी तू सगळं कुठं सांगितलंयस? घरात किती जण शिरले, काकू कुठं होत्या, कोण काय बोललं, काहीच नाही. प्लॅस्टर ओलं होतं तरी तू क्रिकेटचा स्कोअर विचारत होतास.

हिचं म्हणणं वेगळं. सांगितलंस तर पोरगं भरती सोडेल आणि आयुष्यभर तुला बोल लावेल, म्हणते. मला त्यानं भरती सोडावी असं वाटत नाही. नोकरी लागू दे. फक्त हातात काठी येईल त्या वेळी तुझा हात त्याला आठवावा, एवढंच. हे फार मागणं आहे काय?

तुझं काय चाललंय ते लिहिलं नाहीस, मीही विचारलं नाही. पिंटूच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं असेल. कंपनीनं तुझी मुदत वाढवली म्हणे, वाढवू दे, घरी बसून तू त्यांचं डोकं खाशील. कुंदा पाठवलाय, सुजितच पुण्याला येतोय पुढच्या गुरुवारी, तुझ्याकडंच उतरेल. त्याच्या आत मला फोन कर, हो की नाही तेवढं सांग. स्पीकर बंद कर.

तुझा,
बाळू